‘नाकारा’ दाबलं तरी कुकीज बसतातच. नक्की कुठे अडतंय?

पुस्तकपेटी

नमस्कार मंडळी. मुलांच्या मराठी पुस्तकांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स. मोजणीला गूगल अ‍ॅनालिटिक्स 4, जाहिरातींसाठी फेसबुकचा पिक्सेल (कोणी काय पाहिलं ते फेसबुकला कळवणारा कोडचा तुकडा), गोष्टींच्या पानांवर यूट्यूबचे अभिवाचनाचे व्हिडिओ, आणि अक्षरांसाठी गूगल फॉन्ट्सवरून येणारे मुक्ता आणि बलू. गिऱ्हाइकं बहुतेक महाराष्ट्रातली. पण जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेतली मराठी घरंही मागवतात, म्हणून युरोतली किंमतही दाखवतो.

कुकीजची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींची) परवानगी विचारणारी पट्टी दाखवणारं प्लगिन टाकलंय. ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं आहेत. क्रोमच्या खाजगी खिडकीत साइट उघडून ‘नाकारा’ दाबलं, एफ12 दाबून अ‍ॅप्लिकेशनच्या टॅबमध्ये कुकीज पाहिल्या, तर अ‍ॅनालिटिक्सची ‘अंडरस्कोर जीए’ आणि पिक्सेलची ‘अंडरस्कोर एफबीपी’ दोन्ही हजर. कधी कधी तर बटण दाबायच्या आधीच असतात. ‘नाकारा’वर जुन्या कुकीज पुसण्याची सोय प्लगिनमध्ये चालू आहे, तरी पुसल्या जात नाहीत. आणि काही वेळा पट्टीच दिसत नाही.

तीन प्रश्न: हे का होतंय? वूकॉमर्सच्या टोपलीच्या कुकीजनाही परवानगी लागते का? आणि आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे हे सगळं करायला हवं का?

कळफलक

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: पट्टी आणि ट्रॅकर (माणसाचा मागोवा घेणारी स्क्रिप्ट) ही दोन वेगळी यंत्रं आहेत. पट्टी फक्त माणसाचं उत्तर टिपून ठेवते. स्क्रिप्ट अडवण्याचं काम वेगळं, आणि तुमच्याकडे तेच होत नाहीये. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून तीन-चार कारणं एकत्र दिसताहेत.

पहिलं, गूगलचा टॅग (मोजणीचा कोड) किती ठिकाणी चिकटवलाय ते मोजा. पानाचा सोर्स उघडा आणि ‘जी’ आणि आडव्या रेघेनं सुरू होणारा तुमचा मोजणी क्रमांक शोधा. एकदा थीमच्या हेडरमध्ये, एकदा टॅग मॅनेजरमध्ये, एकदा वूकॉमर्सच्या एखाद्या जोडणीत, असा तो दोन-तीनदा सापडणं अगदी नेहमीचं. पट्टीचं प्लगिन स्वतःला ओळखता येतो तेवढाच टॅग अडवतं, बाकीचे मोकळे सुटतात. एकच ठेवा, बाकीचे काढा. पिक्सेलचंही हेच करा. शिवाय पिक्सेलच्या तयार कोडमध्ये ‘नोस्क्रिप्ट’च्या आत एक अदृश्य चित्र असतं. जावास्क्रिप्ट बंद असेल तेव्हा ते चित्र थेट फेसबुककडून मागवलं जातं, आणि त्या वेळी तुमची पट्टीही चालत नसते. तो तुकडा पूर्ण काढून टाका.

दुसरं, कॅशे (तयार पानांच्या साठवलेल्या प्रती) आणि वेग वाढवणारी प्लगिनं. बहुतेक पट्ट्या स्क्रिप्टचा पत्ता ओळखून तिचा प्रकार ‘टेक्स्ट प्लेन’ करतात, म्हणजे ब्राउझर ती चालवत नाही. वेगाच्या प्लगिननं सगळ्या स्क्रिप्ट्स एका फाइलमध्ये जोडल्या की पत्ता बदलतो आणि ओळख पटत नाही. ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ चालू असेल तर कधी कधी पट्टीचीच स्क्रिप्ट मागे राहते, कोणी पान सरकवेपर्यंत पट्टी दिसत नाही आणि तेवढ्यात टॅग आपलं काम उरकून घेतो. पट्टीची स्क्रिप्ट जोडण्यातून आणि उशिरातून, दोन्हीतून वगळा.

पट्टी मधूनच गायब होण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे पानांची कॅशे. पट्टी दाखवायची की नाही हे सर्व्हरवर ठरत असेल, तर ज्यानं ‘स्वीकारा’ दाबलंय त्याच्यासाठी बनलेलं, पट्टी नसलेलं आणि ट्रॅकर असलेलं पान साठवलं जातं आणि पुढच्या सगळ्यांना तेच मिळतं. म्हणजे एकाची परवानगी शंभरांच्या नावावर लागते! निर्णय ब्राउझरमध्ये घ्या, किंवा परवानगीच्या कुकीनुसार कॅशेच्या वेगळ्या प्रती ठेवा.

तिसरं, क्रम. गूगलचा कन्सेंट मोड (माणसाचं उत्तर गूगलच्या टॅगना कळवणारी सोय) वापरत असाल तर आधी ‘डीफॉल्ट’ची आज्ञा हवी, मग ‘कॉन्फिग’ची, आणि माणसानं बटण दाबल्यावर ‘अपडेट’ची. डीफॉल्टमध्ये चारही खुणा नकारावर हव्यात: अ‍ॅड स्टोरेज, अ‍ॅनालिटिक्स स्टोरेज, अ‍ॅड यूजर डेटा आणि अ‍ॅड पर्सनलायझेशन. कॉन्फिग आधी गेलं की कुकी लिहिली जाते, मागून आलेला नकार तिला पुसत नाही. पट्टीची स्क्रिप्ट उशिरा पोचत असेल तर डीफॉल्टमध्येच 500 मिलिसेकंदांची थांबण्याची सूचना देता येते. आणि हा मोड फक्त गूगलच्या टॅगना कळतो. फेसबुकच्या पिक्सेलला त्याचा पत्ताही नसतो, त्याला वेगळं अडवावं लागतं.

हे डोळ्यांनी तपासता येतं. नेटवर्कच्या टॅबमध्ये ‘कलेक्ट’ असं गाळून बघा. गूगलकडे जाणाऱ्या विनंतीच्या पत्त्यात ‘जीसीएस’ नावाची किंमत असते. ती ‘जी100’ असेल तर जाहिरात आणि मोजणी दोन्हींना नकार, ‘जी101’ म्हणजे फक्त मोजणीला होकार, ‘जी111’ म्हणजे दोन्हींना होकार. ‘नाकारा’ दाबल्यावरही ‘जी111’ दिसलं तर अपडेटची आज्ञा उलटी जोडलीये. जीसीएस मुळीच नसेल तर कन्सेंट मोड लागलेलाच नाही.

आता यातली मेख. कन्सेंट मोडच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पद्धतीत नकार दिल्यावरही गूगलकडे विनंती जातेच. कुकी नसते, पण पानाचा पत्ता जातो आणि जोडणी झाली की आयपी पत्ताही पोचतो. ‘बेसिक’मध्ये परवानगीशिवाय टॅग चढतच नाही. माझं मत स्पष्ट आहे, बेसिकच ठेवा. समोरच्यानं नको म्हटलंय, तर नेटवर्कच्या टॅबमध्ये गूगल आणि फेसबुकची एकही ओळ दिसता कामा नये.

पुसण्याबद्दल. कुकी पुसायची तर नाव, डोमेन आणि पाथ तिन्ही जुळावे लागतात. अ‍ॅनालिटिक्स आपली कुकी मुख्य डोमेनवर लिहितं, म्हणजे उपडोमेनवरही ती चालावी. पुसण्याच्या आज्ञेत डोमेन दिलं नाही तर ब्राउझर फक्त त्या नेमक्या होस्टची कुकी शोधतो, सापडत नाही, आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. डोमेन आणि पाथ देऊन मॅक्स-एज (कुकीचं आयुष्य) शून्य करा. अ‍ॅनालिटिक्सच्या दोन कुकीज असतात, दुसरीच्या नावात तुमचा क्रमांक असतो, दोन्ही पुसा. आणि पुसल्यावर पान ताजं करा, नाहीतर आधीच चढलेली स्क्रिप्ट ती पुन्हा लिहिते. यूट्यूबच्या डोमेनवर बसलेली कुकी तुमच्या साइटला पुसता येत नाही. ती बसूच न देणं एवढंच आपल्या हातात.

तपासताना दोन चुका टाळा. अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असताना तपासू नका, बऱ्याच प्लगिनांत अ‍ॅडमिनसाठी टॅग बंद असतो. आणि फक्त खाजगी खिडकीवर विसंबू नका. क्रोम तिथे परक्या डोमेनच्या कुकीज मुळातच अडवतो, त्यामुळे यूट्यूबचं चित्र खोटं स्वच्छ दिसतं. क्रोममध्ये नवी प्रोफाइल उघडा आणि चार अवस्था पाहा: उत्तर न देता, नको, हो, आणि हो म्हणून नंतर नको. चौथी अवस्था सगळ्यात जास्त फसते.

नियमवाचक

टोपलीच्या कुकीजचं उत्तर सोपं आहे: परवानगी लागत नाही. युरोपच्या ई-प्रायव्हसी निर्देशाच्या कलम 5(3) मध्ये (2002 चा निर्देश, 2009 मध्ये सुधारलेला) माणसाच्या उपकरणावर काही साठवायला किंवा तिथलं वाचायला परवानगी मागितली आहे. माणसानं स्वतः मागितलेली सेवा द्यायला जे अगदी आवश्यक, तेवढ्याला सूट. वूकॉमर्सच्या टोपलीच्या दोन कुकीज ब्राउझर बंद होईपर्यंत टिकतात आणि सेशनची कुकी 2 दिवस. या तिन्ही सुटीत बसतात. माहितीच्या पानावर मात्र त्यांची नावं आणि मुदत लिहा.

नियम कुकी या शब्दाला चिकटलेला नाही, हे बरेच जण विसरतात. लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठवणीच्या दुसऱ्या जागेत) ओळख क्रमांक ठेवला तरी तोच नियम लागतो. ‘आम्ही कुकीज वापरत नाही’ असं लिहून लोकल स्टोरेज भरणं ही पळवाट नाही.

युरोतली किंमत आणि जर्मनीत पाठवणी म्हणजे तुम्ही तिथल्या गिऱ्हाइकाला उद्देशून विकताय. तेव्हा 25 मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) कलम 3(2) नुसार तुमच्यापर्यंत पोचतो, दुकान पुण्यात असो की पणजीत. इंग्लंडचा कायदा आता वेगळा आहे, पण त्याचा सांगाडा हाच. 1 ऑक्टोबर 2019 ला युरोपीय न्यायालयानं प्लॅनेट49 च्या निकालात सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे परवानगी नव्हे, आणि कुकी किती काळ राहते व तिसरा कोणी ती वाचतो का, हेही सांगावं लागेल. फ्रान्सच्या सीएनआयएलनं (तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेनं) जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण? होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला अनेक. त्यामुळे ‘नाकारा’ पहिल्याच पातळीवर ठेवलंत हे योग्य केलंत.

तुमचे फॉन्टही यात येतात. म्युनिकच्या जिल्हा न्यायालयानं 20 जानेवारी 2022 ला एका साइटला 100 युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगल फॉन्ट्स गूगलच्या सर्व्हरवरून आल्यानं पाहणाऱ्याचा आयपी पत्ता परवानगीशिवाय तिकडे गेला. मुक्ता आणि बलू मुक्त परवान्याचे आहेत. फाइली उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, प्रश्न मुळातून मिटतो.

आता आपल्याकडचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये कुकीजसाठी वेगळं कलम नाही. पण कुकीतला क्रमांक माणसाशी जोडता येत असेल, आणि ऑर्डर देणाऱ्याचा तो जोडला जातोच, तर तो वैयक्तिक डेटा. कलम 6 प्रमाणे संमती मोकळेपणानं, नेमक्या कामासाठी आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीही आली. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि साइट चालवणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे.

पण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळीच वाटते. दुकान मुलांच्या पुस्तकांचं आहे. खरेदी आईवडील करतात, गोष्टीचं पान मात्र मूल उघडतं. याच कायद्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालचं कोणीही. त्याचा मागोवा घेणं, वागण्यावर लक्ष ठेवणं आणि त्याच्याकडे रोखलेल्या जाहिराती करणं कलम 9 नं मना केलंय. अपवाद थोडे, दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये. गोष्टींच्या आणि अभिवाचनाच्या पानांवरून पिक्सेल पूर्ण काढा. तिथे परवानगी विचारूही नका. सहा वर्षांच्या पोरानं पट्टी घालवायला दाबलेलं ‘स्वीकारा’ ही कुणाचीच संमती नसते.

सह्यवारा

वरचं सगळं पटलं. मी फक्त शब्द आणि बटणांबद्दल लिहितो, कारण मराठी साइटवर तिथेच घोळ होतो.

‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ हे शब्द पट्टीवर वापरू नका. दोन्हींचा शेवट ‘कारा’. मोबाइलवर बारीक अक्षरांत, घाईत, नजर शेवटावर पडते आणि बोट चुकतं. ‘चालेल’ आणि ‘नको’ ठेवा, यांची गफलत होत नाही. तिसरं बटण ‘एकेक ठरवू’. ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’ असं मराठीत कुणी कुणाला म्हणत नाही. आणि ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ या वाक्यातून तर काहीच कळत नाही: कोण घेतंय, काय घेतंय, किती दिवस ठेवतंय. असं लिहा:

‘टोपली आणि लॉगिन लक्षात राहावं म्हणून लागणाऱ्या कुकीज आम्ही ठेवतो, त्यांच्याशिवाय खरेदी होत नाही. आणखी दोन कामांसाठी तुमची परवानगी हवी आहे. कोणती पानं किती वाचली जातात हे मोजायला गूगलची कुकी, 2 वर्षं. फेसबुकवर आमच्या पुस्तकांची जाहिरात दाखवायला मेटाची (फेसबुकच्या कंपनीची) कुकी, 90 दिवस. नको म्हणालात तरी सगळं दुकान तसंच चालेल.’

‘चालेल’ आणि ‘नको’ एकाच आकाराची, एकाच रंगाची. एक भगवं ठसठशीत आणि दुसरं राखाडी अक्षरांत, असं नको. देवनागरीला ओळींची उंची किमान 1.5 द्या, नाहीतर वेलांट्या आणि उकार बटणाच्या कडेला कापले जातात. तळपट्टीत प्रत्येक पानावर ‘कुकीजची निवड बदला’ हा दुवा हवा.

आणि नकार लक्षात ठेवा. होकार वर्षभर आणि नकार ब्राउझर बंद होईपर्यंत, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. मग माणूस कंटाळून ‘चालेल’ दाबतो. ती परवानगी नव्हे, तो थकवा आहे. दोन्ही उत्तरं 6 महिने ठेवा, सीएनआयएलही साधारण तेवढीच मुदत सुचवतं. सफारीत मात्र जावास्क्रिप्टनं लिहिलेली कुकी जास्तीत जास्त 7 दिवस टिकते, त्यामुळे आयफोनवर पट्टी दर आठवड्याला परत येते. उपाय म्हणजे ही एक कुकी सर्व्हरकडून लिहायची: मॅक्स-एज 15552000 सेकंद, म्हणजे 180 दिवस, सोबत सिक्युअर आणि सेमसाइट लॅक्स या खुणा. आत फक्त मजकुराची आवृत्ती आणि कशाला होकार दिला ते. माणसाचा क्रमांक नको. उद्या नवा ट्रॅकर जोडलात तर आवृत्ती वाढवा आणि पुन्हा विचारा.

पुस्तकपेटी

मनापासून आभार. गूगलचा टॅग खरंच दोन ठिकाणी निघाला, थीममध्ये आणि टॅग मॅनेजरमध्ये. थीममधला काढला, पट्टीची स्क्रिप्ट वेगाच्या प्लगिनमधून वगळली, बेसिक पद्धत लावली. ‘नको’ नंतर कलेक्टची एकही ओळ दिसत नाही. गोष्टींच्या पानांवरून पिक्सेल काढलाय. फॉन्ट आज रात्री हलवते.

दोन शंका उरल्या. यूट्यूबच्या व्हिडिओंचं काय करू? ‘नोकुकी’वाला पत्ता वापरला तर पुरे का? आणि मोजणीला बरेच जण नको म्हणाले तर कोणतं पुस्तक खपतंय हे कळायचं कसं?

कळफलक

नोकुकीचा पत्ता बरा, पण पुरेसा नाही. व्हिडिओची चौकट चढताच गूगलशी जोडणी होते आणि लोकल स्टोरेजमध्ये नोंदीही पडतात. व्हिडिओचं चित्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, त्यावर चालू करायचं बटण, आणि बटण दाबल्यावरच चौकट पानात घाला. चित्राखाली एक ओळ: ‘व्हिडिओ यूट्यूबवरून येतो, दाबलंत की गूगलशी जोडणी होईल.’ एक सापळा लक्षात ठेवा, वर्डप्रेस नुसता चिकटवलेला यूट्यूबचा दुवा आपोआप चौकटीत बदलतं. जुन्या लेखांत असे दुवे शोधून बदला. चित्रही यूट्यूबच्या सर्व्हरवरून ओढू नका, नाहीतर जोडणी मागच्या दारानं होतेच. मुलांच्या पानांवर मात्र जमलं तर अभिवाचनाची ध्वनिफीत स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. एमपी3 64 केबीपीएसवर 10 मिनिटांची गोष्ट साधारण 5 एमबीत बसते.

खपाचा आकडा अ‍ॅनालिटिक्समधून घ्यायची गरजच नाही. वूकॉमर्सच्या अहवालात प्रत्येक पुस्तकाच्या ऑर्डरी असतात आणि तो आकडा नकारामुळे कमी होत नाही. पानं किती पाहिली गेली हे हवं असेल तर मॅटोमो (मोजणीचं मुक्त सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर, कुकीज बंद करून, आयपीचे शेवटचे दोन भाग झाकून चालवा. परत आलेला माणूस त्यात नीट ओळखता येत नाही, पण कुठल्या पानाला वाचक आहे हे कळतं, आणि दुकानाला तेवढं लागतं.

एक भर. फायरफॉक्स आणि ब्रेव्हमध्ये ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल नावाची, ‘माझी माहिती विकू-वाटू नका’ असं साइटला सांगणारी खूण असते. ती चालू असली की प्रत्येक विनंतीसोबत ‘सेक जीपीसी’ या हेडरमध्ये 1 येतो. कॅलिफोर्नियात मोठ्या कंपन्यांना ती पाळावीच लागते. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं 2022 मध्ये तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलशी 12 लाख डॉलरांची तडजोड केली, त्यात ही खूण न पाळल्याचा आरोप होता. तुमच्या दुकानाला ती सक्ती बहुधा लागू नाही, तरी पाळा. दोन ओळींचं काम आहे: खूण दिसली की पट्टी न दाखवता ‘नको’ धरून चालायचं. माणसानं ब्राउझरमध्ये एकदा सांगितलंय, त्याला पुन्हा विचारायचं कशाला?

नियमवाचक

मॅटोमोबद्दल एक दुरुस्ती. कुकीज बंद केल्या तरी माहितीच्या पानावर त्याचा उल्लेख हवा आणि मोजणीतून बाहेर पडायचा दुवाही. मॅटोमोत तो तयार मिळतो, मराठी मजकूर तेवढा आपण लिहायचा.

पुस्तकपेटी

नव्या प्रोफाइलमध्ये चारही अवस्था पाहिल्या. पहिल्या तीन स्वच्छ. ‘हो’ म्हणून नंतर ‘नको’ केल्यावर अ‍ॅनालिटिक्सच्या दोन्ही कुकीज गेल्या, पण ‘अंडरस्कोर एफबीपी’ राहते.

कळफलक

तीही मुख्य डोमेनवरच लिहिलेली असते, प्लगिनच्या पुसण्याच्या यादीत तिचं नाव डोमेनसकट घाला. जाहिरातीवर क्लिक करून आलेल्यांकडे ‘अंडरस्कोर एफबीसी’ नावाची आणखी एक असते. ती तुम्हाला तपासताना दिसणार नाही. पत्त्याच्या शेवटी ‘एफबीसीएलआयडी’ला काहीतरी किंमत देऊन पान उघडा, ‘चालेल’ दाबा, मग दिसेल. ती घालून पुन्हा चौथी अवस्था पाहा.